सहाही प्रोजेक्टर बदलायची गरज नाही, बाई

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत (तालुका संगमेश्वर) माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून घेतलेले सहा प्रोजेक्टर आहेत. दोन चालूच होत नाहीत, एकाच्या चित्रात पांढरे ठिपके येतात, दोन अंधुक झालेत, एक बरा आहे. आता पुन्हा दीड लाख रुपये जमलेत. पुरवठादार म्हणतो, सहाही बदला, ९००० ल्युमेनचे (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) देतो. काही शिक्षकांना टीव्ही हवाय. काय घ्यावं? – एक मुख्याध्यापिका

उत्तर : बाई, दीड लाखात सहा म्हणजे एकाला पंचवीस हजार. त्या भावात वर्गात टिकेल असा नवा प्रोजेक्टर मिळत नाही, ९००० ल्युमेनचा तर नाहीच नाही. खोक्यावर नुसतं 'ल्युमेन' छापायला कुणाच्या बापाचं काय जातं! माहितीपत्रकात 'अन्सी' किंवा 'आयएसओ २१११८' (उजेड मोजायच्या ठरलेल्या पद्धती) असं लिहिलेलं दाखवा म्हणावं. ते नसेल तर विषय तिथेच संपला. असली यंत्रं रात्री दिवे मालवून पिक्चर बघायला ठीक, दुपारच्या वर्गात नकाशावरची नदी दिसायची नाही.

आधी जुने उघडून बघू. अंधुक दोघांच्या मेनूत 'लॅम्प अवर्स' (लॅम्प किती तास जळलाय) असतात, ते वाचा. मग बाजूची जाळी काढा. खडूची भुकटी आणि तुमच्याकडची दमट हवा मिळून त्या फिल्टरवर चक्क लेप बसतो, हात लावला की पापुद्रा निघतो. हवा कोंडली की आतलं तापमान चढतं, आणि थ्री-एलसीडी यंत्रात (लाल, हिरवा, निळा यांच्या वेगळ्या पट्ट्या असतात त्यात) निळ्या रंगाच्या वाटेवरची पट्टी आधी करपते. चित्र एका कोपऱ्यात पिवळं पडलं असेल तर हेच झालंय, लॅम्प बदलून ते जाणार नाही. सगळीकडे सारखंच मंद असेल तर मात्र फिल्टर साफ करून नवा लॅम्प घाला. घरासकट (म्हणजे बल्ब बसवलेल्या खोबणीसकट) मूळ कंपनीचा घ्या. नुसता बल्ब स्वस्तात मिळतो, पण त्यातले काही फुटतात, आणि आत पारा असतो. फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा.

चालू न होणाऱ्यांचं लॅम्पचं झाकण पक्कं बसलंय का बघा. ते सैल असलं तरी यंत्र चालू होत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा मात्र निकाल लागला. तो डीएलपी, म्हणजे बारीक आरशांच्या चिपने चित्र पाडणारा; त्या चिपवरचे आरसे अडकलेत, ठिपके वाढतच जाणार. तो ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्या, भंगारवाल्याकडे नको.

आता नवे. फार तर दोन घ्या, पण लेझर (लॅम्पऐवजी लेझरने उजेड देणारे) घ्या. पुरवठादार तुम्हाला २०,००० तासांचं आयुष्य सांगेल. हिशेब करा : रोज तीन तास, वर्षाला २२० दिवस, म्हणजे ६६० तास. २०,००० तास व्हायला तीस वर्षं लागतील, तोवर आतलं दुसरं काहीतरी गेलेलं असेल. शिवाय तो आकडा उजेड निम्मा होईपर्यंतचा असतो. लेझर घ्यायचं ते विजेसाठी. लॅम्पचा प्रोजेक्टर चालू असताना लाइट गेली की पंखा थांबतो आणि तापलेला लॅम्प तसाच भाजत राहतो. तुमच्याकडे पावसाळ्यात हे किती वेळा होतं ते तुम्हीच जाणता. लेझरला त्याची फारशी झळ लागत नाही, आणि लाइट आल्यावर लगेच पेटतो. जुन्या लॅम्पवाल्यांना छोटा यूपीएस लावा, निदान पंखा तरी फिरेल.

उजेडाचं म्हणाल तर खिडक्यांना पडदे असतील आणि चित्राचा पडदा ६ बाय ४.५ फुटांचा असेल, तर ३५०० अन्सी ल्युमेन पुरतात. 'कलर ल्युमेन'ही (रंगांचा उजेड) तेवढेच आहेत का विचारा. स्वस्त डीएलपीत पांढरा लख्ख आणि लाल मातकट असतो.

बदली घेताना सगळे फसतात ते अंतरात. छताच्या हुकापासून भिंत ९ फूट आणि चित्र ६ फूट रुंद असेल तर भागाकार १.५, हाच 'थ्रो रेशो'. नव्याचा 'थ्रो रेशो' १.२ निघाला तर त्याच हुकावरून चित्र साडेसात फूट होईल, फळ्याबाहेर जाईल. मग हूक हलवा, छताला भोकं पाडा. कीस्टोनने (तिरकं चित्र चौकोनी करायची सोय) चित्र ओढूनताणून बसवू नका, अक्षरं फिसकटतात. भिंतीतली जुनी केबल व्हीजीएची (जुन्या संगणकांच्या जोडणीची) असेल तर नव्याला ते भोक आहे ना, तेही बघा.

टीव्हीचं शिक्षक म्हणतात ते एकाच खोलीपुरतं खरं. ५५ इंची टीव्हीची उंची जेमतेम ६८ सेंटिमीटर, वाचायचा मजकूर त्यावरून चार मीटरपर्यंत नीट दिसतो. प्रयोगशाळेत मुलं टेबलाभोवती गोळा होतात, तिथे लावा. शेवटच्या बाकासाठी नको.

कोटेशन जुनं असेल तर नवं मागवा; २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. आणि डेमो जुलैत घेऊ नका, तेव्हा तुमच्या वर्गात तसाही अंधार असतो आणि कुठलाही प्रोजेक्टर झकास दिसतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी, बारा वाजता, सगळ्यात जास्त ऊन येणाऱ्या वर्गात लावून दाखवायला सांगा, आणि मागच्या बाकावर तुम्ही स्वतः बसा.