शेवटचंच नाव निळं का राहतं?

प्रश्न: सर, मी यावल तालुक्यातली, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून केळीच्या गाड्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम जावा स्विंगमध्ये (जावाची खिडक्या, बटणं, याद्या बनवायची लायब्ररी) केला. एका गाडीत तीन-चार शेतकऱ्यांचा माल असतो, म्हणून यादीतून तेवढी नावं निवडून सेव्ह करते. जुनी नोंद उघडली की तीच नावं निवडलेली दिसायला हवीत. पण एकेक नाव निवडत लूप फिरवला तरी फक्त शेवटचं नाव निळं, म्हणजे निवडलेलं, होतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी ‘असं का?’ विचारलं, मला सांगता आलं नाही. पुण्याचे काका म्हणतात डेस्कटॉप संपला, ऐंशी हजार भर आणि वेबचा क्लास लाव. पप्पा काहीच बोलत नाहीत. काय करू?

उत्तर: बेटा, ऐंशी हजारांचं नंतर बघू. आधी तुझा लूप बघू, कारण काकांना द्यायचं उत्तर त्यातच आहे.

तू ‘सेटसिलेक्टेडइंडेक्स’ वापरलंस, बरोबर? ही मेथड, म्हणजे तयार आज्ञा, दर वेळी आधीची निवड पुसते आणि मग नवी करते. नवा पाहुणा आला की आधीच्याला खुर्चीवरून उठवायचं, तसं. तुझा लूप चौथ्या, नवव्या, सतराव्या नावावर इमानदारीने गेला, पण नवव्याला बसवताना चौथा उठला आणि सतराव्याला बसवताना नववा. स्विंगच्या यादीत एकाहून जास्त निवडीची परवानगी मुळातच असते, म्हणून निवडीचा मोड (एक की अनेक) बदलूनही तुला फरक दिसला नसता. ‘ॲडसिलेक्शनइंटरव्हल’ वापर, ती आधीच्या निवडीत भर घालते. किंवा सगळे क्रमांक एका ॲरेत (एकत्र ओळीत) गोळा कर आणि ‘सेटसिलेक्टेडइंडायसेस’ला एकदाच दे. मी दुसरी वाट धरेन. क्रमांक शून्यापासून मोजतात हे विसरू नको. आणि यादीत नावं भरायची आधी, निवड करायची नंतर. उलट केलंस तर नावं भरणारं ‘सेटलिस्टडेटा’ निवड पुसून टाकेल.

आता तुझ्या पत्रात नसलेली, पण याहून मोठी गोष्ट. तू डेटाबेसमध्ये काय साठवतेस? यादीतला क्रमांक साठवत असशील तर उद्या एक नवा शेतकरी आला, यादी नावांच्या क्रमाने लागली, की काल नववा असलेला आज दहावा होतो. जुनी नोंद उघडल्यावर निळं नाव भलत्याचंच, आणि काट्याच्या पावतीवरचे पैसे त्याच्या खात्यावर! ही चूक मी स्वतः केली आहे, नोकरीच्या पहिल्या वर्षी, दूध संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये. एक आजोबा दहा दिवस दुसऱ्याच्या दुधाचे पैसे घेत होते आणि तक्रार अर्थातच त्यांनी केली नाही. म्हणून खाते क्रमांक साठव. नोंद उघडताना तो आजच्या यादीत कुठे आहे ते शोध आणि ती जागा ॲरेत टाक.

परीक्षकांना लूपचं ते कारणच ऐकायचं होतं: ही मेथड जुनी निवड पुसते. मुलाखत घेणारेही हेच ऐकतात, फक्त भाषा बदलून विचारतात. सी शार्पच्या विंडोज फॉर्म्समधली लिस्टबॉक्स (तिथली यादी) सुरुवातीला एकच निवड घेते, म्हणून आधी ‘सिलेक्शनमोड’ बदलावा लागतो, मग ‘सेटसिलेक्टेड’ एकेका नावाची भर घालतं. जावाएफएक्स या जावाच्याच नंतरच्या लायब्ररीतली लिस्टव्ह्यूसुद्धा मुळात एकाच निवडीची. प्रत्येकीची सवय निराळी, पण ‘जुनी निवड पुसते की राखते’ हा प्रश्न सगळीकडे तोच. वेबवरही तो सुटत नाही, हे काकांना सांग.

काकांचं अर्धं खरं आहे. नुसत्या स्विंगवर नवी नोकरी शोधू नको, ते 1998 पासून जावासोबत येतंय आणि त्यात नव्या माणसांची मागणी थोडी आहे. पण ‘संपला’ हे कुणी म्हटलं? तुमच्या कॉलेजात नेटबीन्स (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) असेल, तर तोच मुळी स्विंगवर बांधलेला आहे. जळगावच्या कुठल्याही आडत दुकानात डोकावून बघ, टॅली डेस्कटॉपवरच उघडलेलं असतं.

मी तुझ्या जागी असतो तर ऐंशी हजार आत्ता भरले नसते. एमसीएची सीईटी दिली असती. हा कोर्स आता दोनच वर्षांचा आहे आणि बीसीएवाल्यांना त्याचं दार उघडं आहे. जळगावलाच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, घरून जाऊन-येऊन जमतं का बघ. पुण्याला जायचंच असेल तर जा, पण क्लासच्या जाहिरातीवर नको. फी भरण्याआधी तिथल्या दोन जुन्या मुलांना गाठ, नोकरी कुठे लागली आणि रोज काय काम करतात ते विचार. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) मात्र आजपासूनच पक्कं कर, ते कुठेही लागतं आणि फुकट शिकता येतं.

पप्पा गप्प आहेत ते बहुधा रकमेमुळे, किंवा तुझं काम त्यांनी पाहिलेलंच नाही म्हणून. रविवारी लॅपटॉप ओट्यावर घेऊन बस. त्यांच्या ओळखीच्या चार शेतकऱ्यांची एक गाडी नोंदव, बंद कर, पुन्हा उघड, चारही नावं निळी दिसू देत. मग त्यांच्याकडूनच ‘अ’वरून एक नवं नाव विचारून यादीत घाल आणि तीच गाडी पुन्हा उघड.