शाळेत माइंडफुलनेस घेतात, तरी मुलगी बेचैनच, असं का?

डिचोलीकडच्या एका आईने विचारलं, "मॅडम, शाळेत माइंडफुलनेसचा तास असतो, तरी हिची चिडचिड वाढलीये, डोळे मिटून बसवलं की रडू येतं म्हणते, शाळेत सांगून बंद करू का?" हल्ली बरेच पालक असंच विचारतात. (माइंडफुलनेस म्हणजे शांत बसून श्वासाकडे, मनात येणाऱ्या विचारांकडे लक्ष देणं. ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगी नववीत. मी विचारलं, डोळे मिटल्यावर काय येतं गं समोर? म्हणाली, रात्री आईबाबा हळू आवाजात भांडतात ते. 2018 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हापासून बाबांच्या खनिज वाहायच्या ट्रकचं कर्ज फिटत नाहीये आणि हिने मनाशी धरूनच टाकलेलं की दहावीनंतर आपली शाळा सुटली. अशा पोरीला गप्प बसून आत बघ म्हटलं तर तिला तेच दिसणार ना!

ब्रिटनमध्ये मायरियड नावाचा मोठा अभ्यास झाला, 2022 मध्ये छापून आला. 85 शाळा, 8000 च्या वर मुलं, शिक्षकांना नीट ट्रेनिंग दिलं, तरी पूर्ण वर्गाला माइंडफुलनेस शिकवून मुलांचं डिप्रेशन वगैरे नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त कमी झालं नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही, आणि ज्यांना आधीच त्रास होता त्यांना तर उलट जड गेलं असावं असे संकेत मिळाले. तास वाईट नाही हो, काही मुलांना खरंच आवडतो, पण त्रासात असलेल्या मुलाचा तो इलाज नाही.

आमच्या गोव्यातल्या संगाथ संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत 251 मुलांबरोबर वेगळं करून बघितलं, समुपदेशक समोर बसून विचारतो अडचण नेमकी कुठली, पर्याय कुठले, त्यातला एक करून बघ. नुसती पुस्तिका दिलेल्या मुलांपेक्षा या मुलांच्या अडचणी कमी झाल्या, फरक थोडाच पण झाला. मी हिच्याबरोबर तेच केलं. तिने पर्याय निवडला, बाबांनाच विचारायचं. विचारलं तर ते म्हणाले, कर्ज आहे बाय, पण तुझी अकरावी ठरलेलीच आहे.

कर्ज तसंच आहे, भांडणंही अधूनमधून होतात. पण ती झोपायला लागली. तासाला आता डोळे उघडे ठेवून बसते, टीचरना सांगून ठेवलंय.

आणि मूल जेवत नसेल, झोपत नसेल, मरायचं बोलत असेल तर शाळेच्या तासावर थांबू नका, लगेच कुणाला तरी दाखवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.