उपनगर नंतर ठरवू, आधी बाबांचे २८ लाख

नाशिकच्या सिडको भागातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३८, हिंजवडीत नवी नोकरी, हातात महिना १ लाख २८ हजार, पहिले सहा महिने प्रोबेशन. पत्नी नाशिकच्या एका शाळेत शिकवतात, ती २२ हजारांची नोकरी सुटणार. मुलगी दुसरीत, मुलगा साडेतीन वर्षांचा. आईवडीलही बरोबर येणार. प्रश्न असा: "मुलांच्या दृष्टीने कोथरूड, बाणेर, वाकड की वाघोली? शाळा, बागा, सुरक्षितता बघून सांगा."

आणि खाली, ता. क. म्हणून, हे: ताथवड्यात बांधकाम चालू असलेल्या टू बीएचकेसाठी गेल्या रविवारी २ लाख टोकन दिलं. किंमत ९२ लाख, ताबा तीन वर्षांनी, तोवर २८ हजार भाड्याच्या घरात राहणार. "माझे ९ लाख आहेत. बाबांचे २८ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत आहेत, ते काढू. बाबा एसटीतून निवृत्त झाले, त्यांनी स्वतःहूनच देऊ केले. मेट्रो आली की भाव पाच वर्षांत दुप्पट होतील असं सेल्स ऑफिसात सांगितलं. मुलीसाठी चाइल्ड प्लॅन घेतलेलाच आहे, त्यामुळे तिकडची काळजी नाही."

म्हणजे उपनगर अजून ठरलेलं नाही, पण घराचं टोकन देऊन झालं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देईन, पण शेवटी. आधी ता. क. बद्दल बोलू, कारण खरं पत्र तेच आहे.

तुमच्या बाबांचं वय ६१. एसटीतली नोकरी, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या ९५ सालच्या योजनेतलं निवृत्तिवेतन. तुम्हीच लिहिलंय, महिन्याला तीन हजारांच्या आत. घर चालतं ते २८ लाखांच्या व्याजावर. ८.२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ३० हजार, दर तिमाहीला ५७ हजार, महिन्याला साधारण १९ हजार. अडीच वर्षांपूर्वी खातं उघडलं, तेव्हाच हा दर पाच वर्षांसाठी बांधला गेला. आता मुदतीआधी खातं बंद केलं तर एक टक्का, म्हणजे २८ हजार कापले जातील. ते सोडा. १९ हजारांची मिळकत थांबेल आणि उद्यापासून बाबा औषधाच्या पैशांसाठी तुमच्याकडे बघतील. आयुष्यभर ज्या माणसाने कुणाकडे मागितलं नाही, त्याला हे जमेल का? आईंचं नाव तर तुमच्या पत्रात पैशांच्या संदर्भात कुठेच येत नाही. बाबांच्या मागे आईंना किती निवृत्तिवेतन मिळेल, याचा आकडा एकदा काढून बघा. बाबांना जे मिळतं त्याच्या साधारण निम्मं.

"त्यांनी स्वतःहूनच देऊ केले." आपल्याकडे बाप स्वतःहूनच देऊ करतो. नको म्हणायचं काम मुलाचं असतं. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशांवर कर लागत नाही हे खरं आहे, पण कर लागत नाही म्हणून व्यवहार शहाणपणाचा होत नाही. तुम्हाला एक बहीण आहे असंही पत्रात आहे, जळगावला. तिला हे माहीत आहे का? विचारा असं मी म्हणत नाही, कळवा असं म्हणते. दहा वर्षांनी सिडकोच्या घराचा विषय निघेल तेव्हा हे २८ लाख तुम्हाला आठवले नाहीत तरी तिला आठवतील.

आता तुमचा हिशेब. किंमत ९२ लाख. बँक ८० टक्क्यांपर्यंत देईल, म्हणजे कर्ज ७३ लाख, तुमचे १९ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, साडेसहा लाखांच्या आसपास. (फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, हे सेल्स ऑफिसात कुणी सांगितलं नसेल.) नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, ४ लाख ६० हजार. नव्या घरात फर्निचर, जाळ्या, सोसायटीचे आगाऊ पैसे, पार्किंग धरून सात लाख तरी. बेरीज ३७ लाख. तुमचे ९ आणि बाबांचे २८, तेही ३७. एक रुपया शिल्लक नाही. प्रोबेशन मात्र अजून पार पडायचं आहे.

घरखर्चाचं पुढे बघा. ताबा मिळण्याच्या आदल्या वर्षी जवळपास सगळं कर्ज उचललेलं असेल. साडेआठ टक्क्यांनी नुसतं व्याज महिना ५२ हजार. भाडं २८. दोन मुलांच्या शाळा आणि बस १८. चाइल्ड प्लॅनचे १०. झाले १ लाख ८ हजार. उरलेल्या वीस हजारांत सहा माणसांचा किराणा, वीज, पेट्रोल, आईबाबांची औषधं, नाशिकच्या फेऱ्या. ताबा मिळाल्यावर भाडं जाईल, पण वीस वर्षांचा हप्ता ६३ हजारांचा सुरू होईल. आणि तीन वर्षांचा ताबा तीन वर्षांतच मिळेल, असं तुम्ही धरून चालला आहात.

दुप्पट भावाबद्दल. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास पंधरा टक्के. ज्या घराला आज २८ हजार भाडं येतं त्याची किंमत ९२ लाख, म्हणजे भाड्याचं उत्पन्न साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. साडेआठ टक्क्यांचं कर्ज काढून साडेतीन टक्क्यांची वस्तू घ्यायची, आणि मधली दरी मेट्रोने भरून काढावी अशी आशा धरायची. मेट्रोचा मार्ग नकाशावर आला त्या दिवशीच बिल्डरने तो भावात धरलेला असतो. राहायला घर घेणं वेगळं. घ्या, जरूर घ्या, पण मग दुपटीची भाषा नको.

चाइल्ड प्लॅन. तुम्ही पाठवलेल्या पावतीवरून ती युलिप आहे, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र बांधलेली पॉलिसी. वर्षाला १ लाख २० हजार, तिसरं वर्ष, विमा १२ लाखांचा. म्हणजे तुमच्यावर कर्ज ७३ लाखांचं आणि तुम्ही गेलात तर घरी येणार १२ लाख. मुलीची काळजी मिटली असं ज्यांनी सांगितलं त्यांचं त्या महिन्याचं टार्गेट मिटलं, एवढंच. बँकेच्या काउंटरवर मुलांच्या नावाने जे विकतात त्यात मूल फक्त माहितीपत्रकावरच्या फोटोत असतं.

हे असं दुरुस्त करा. आधी दीड कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे गुंतवणूक नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला २५ हजारांच्या आसपास पडेल आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. ती पॉलिसी हातात आली की युलिपचा पुढचा हप्ता भरू नका. पैसे खंडित पॉलिसींच्या निधीत जातील, तिथे किमान चार टक्के मिळतात, आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर परत येतील. तिसऱ्या वर्षी यासाठी कपात जास्तीत जास्त ४ हजारांची. महिन्याचे सुटलेले दहा हजार आधी आपत्कालीन निधीत टाका, सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. मग म्युच्युअल फंडाचं बोलू. आणि रुजू होण्याआधी कंपनीला विचारा की समूह आरोग्य विम्यात आईवडील बसतात का. बाबांना मधुमेह आहे, त्या वयात बाहेरून पॉलिसी घेताना हप्ता आणि प्रतीक्षा काळ दोन्ही टोचतात.

टोकनचं मात्र या आठवड्यातच करायचं आहे. तुमच्याकडे फक्त पावती आहे, वाटपपत्रावर (फ्लॅट तुमच्या नावे राखल्याचं बिल्डरचं पत्र) सही झालेली नाही. करू नका. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नमुना वाटपपत्रात १५ दिवसांच्या आत रद्द केलं तर कपात नाही. पुढे ती टप्प्याटप्प्याने किमतीच्या दोन टक्क्यांपर्यंत जाते. ९२ लाखांचे दोन टक्के १ लाख ८४ हजार, म्हणजे जवळजवळ सगळं टोकन. फोनवर बोलू नका, ईमेल करा, पावती क्रमांक आणि बँक खातं लिहून पैसे परत मागा. "सर, ही किंमत सोमवारपासून वाढणार आहे" असा फोन येईल. वाढू द्या.

आता उपनगर. वाघोली यादीतून काढा. पुणे महापालिकेत ती २०२१ मध्ये आली, पण हिंजवडीच्या उलट्या टोकाला जवळपास तीस किलोमीटर. तिथून रोज ये-जा करणारा बाप मुलांना रविवारीच दिसतो.

पहिले सहा महिने तुम्ही एकटेच जा. वाकडमध्ये कुणाबरोबर तरी खोली घ्या, दहा-बारा हजारांत जमेल. पत्नीचा पगार चालू राहील, मुलीचं वर्ष तुटणार नाही, प्रोबेशन पार पडेल आणि हिंजवडीतल्या गर्दीचा खरा अंदाज येईल. वाकड एकट्या नोकरदाराला सोयीचं आहे. पण ते ज्या पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं तिथे २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आहे, बाकी दिवस अनेक सोसायट्यांत टँकर. घर बघताना मेंटेनन्स किती हे विचारू नका, त्यात टँकरचे किती ते विचारा.

कुटुंब आणाल तेव्हा माझा कल कोथरूडकडे, किंवा जोडून असलेल्या बावधनकडे. बाणेर मला वाईट वाटत नाही, पण तुमच्या पगारात तिथे भाडं जड जाईल. कोथरूडहून चांदणी चौकातून महामार्गाने हिंजवडी गाठायला वाईट दिवशी तास-सव्वा तास लागेल, तो त्रास तुमचा एकट्याचा. बदल्यात बाबांना चालत डॉक्टर, आईंना चालत भाजी, मुलीला मराठी माध्यम हवं असेल तर पर्याय, आणि मुख्य म्हणजे पत्नीला नोकरी मिळण्याजोग्या शाळा हाताशी. त्यांचे २०-२२ हजार पुन्हा सुरू झाले तर तुमचं अख्खं गणित बदलतं, म्हणून उपनगर निवडताना मुलांच्या शाळेइतकंच त्यांच्या शाळेचं बघा. प्रवेशाची चौकशी दिवाळीच्या आसपासच सुरू करा, मे महिन्यात चांगल्या शाळेत जागा उरत नाही.

कोथरूडला भाड्याने घेताना एकच खबरदारी. इमारत जुनी असेल तर पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, हे मालकाला नव्हे, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. नाहीतर वर्षाच्या मध्यात घर रिकामं करून शाळेची बस बदलत बसाल. करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावा लागतो, ते काम ऑनलाइन होतं. सिडकोचं घर वर्षभर भाड्याने देऊ नका, आईबाबांना पुण्यात करमलं नाही तर परत जायला ते मोकळं असू द्या.