दशमांश की दशांश? आणि तो द्यायचा, भरायचा की पेरायचा?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत दर महिन्याला 'दशमांश', म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देतात. त्यांची नात कन्नड शाळेत जाते, ती म्हणते, "आजी, दशमांश म्हणजे गणितातला टिंब." शेजारच्या मराठी मास्तरांच्या मते शुद्ध शब्द 'दशांश'. मंडळीतली जुनी माणसं एकमेकांना "ह्या महिन्याचा दशमांश भरलासा काय?" असं विचारतात, आणि बेळगावच्या एका सभेला आलेले बडे उपदेशक मात्र "दशमांश पेरा" असं सांगून गेले. शिवाय कोणीतरी त्यांच्या डोक्यात घातलंय की हा शब्द 'दासोह'वरून आलाय. देवळाबाहेरच्या फलकावर नेमकं काय लिहावं, हे त्यांना हवंय.

नातीचं बरोबर आहे, तिथूनच सुरुवात करू. कन्नड गणितात ज्याला 'दशमांश' म्हणतात, त्याला मराठी गणितात 'दशांश' म्हणतात आणि हिंदीत 'दशमलव'. एकाच गल्लीत कन्नड माध्यमाचं पोर 'दशमांश' शिकतं आणि मराठी माध्यमाचं 'दशांश अपूर्णांक'. रविवारी दोघं शेजारी बसतात आणि पाळक दशमांशाबद्दल बोलायला लागले की एकाला टिंब दिसतो, दुसऱ्याला पाकीट. उच्चारही दोन ऐकू येतात. मराठी तोंडाला 'अंश' म्हणजे 'अंव्‌श', तर कन्नड तोंडाला 'अम्‌श'. त्यामुळे एकाच प्रार्थनेत 'दशमांव्‌श' आणि 'दशमाम्‌श' दोन्ही चालतात, आणि कोणाचं काही अडत नाही.

मास्तरांचं अर्धं बरोबर. दशम म्हणजे दहावा, म्हणून दशमांश म्हणजे दहावा भाग. 'दशांश'ची फोड केली तर खरं म्हणजे 'दहा अंश' असं काहीतरी निघायला हवं, पण रूढीने त्याचाही अर्थ दहावा भाग असाच झाला. पुरश्चरण करणारे जपाच्या दशांश हवन आणि हवनाच्या दशांश तर्पण करतात, तिथे हाच शब्द आहे. म्हणजे 'दशांश' चूक नाही. पण मराठी बायबलने आणि त्यामागून मंडळ्यांनी 'दशमांश' उचलला, आणि शब्द ज्या घरात नांदतो तिथलं रूप खरं धरावं. हिशेबाच्या वहीत दशांश आणि देवळात दशमांश, अशी वाटणी आपोआप झालेली आहे. ती मोडायचं कारण दिसत नाही.

दासोहाचा संबंध नाही. दासोह आला 'दासोऽहम्'वरून, म्हणजे मी दास आहे. बसवण्णांच्या परंपरेत कायक आणि दासोह ही जोडी आहे: कष्ट करून मिळवायचं आणि मिळवलेलं वाटून खायचं. त्यात दहा हा आकडा कुठेच नाही. दोन्ही शब्द 'द'ने सुरू होतात आणि दोन्हींत देण्याची गोष्ट आहे, एवढ्यावरून नातं जुळवायचं म्हटलं तर आपल्या भागात कुणाचंही कुणाशी जुळेल.

दहावा हिस्सा ही कल्पना मात्र मराठी माणसाला मिशनऱ्यांनी शिकवलेली नाही. सरदेशमुखी म्हणजे महसुलाचा दहावा भागच. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी शाहू महाराजांना मिळाली, त्यात विजापूरचा सुभाही होता. त्याहून जुनं पाहायचं तर स्मृतींमध्ये राजाचा वाटा सहावा, म्हणून राजा 'षष्ठांशवृत्ती'. या चालीवर सर्वस्वी मंडळीच्या पैशावर जगणाऱ्या उपदेशकाला 'दशमांशवृत्ती' म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की सरदेशमुखी वसूल व्हायची, ती कोणी अर्पण करायचं नाही. आणि इथे आपण बाईंच्या प्रश्नातल्या मला सगळ्यांत मोलाच्या वाटलेल्या भागापाशी येतो, तो म्हणजे क्रियापद.

नाम तेच राहतं आणि क्रियापद बदललं की पैशाचा स्वभाव बदलतो. 'भरणे' घ्या. आपण लाईट बिल भरतो, घरपट्टी भरतो, शाळेची फी भरतो, सोसायटीचा हप्ता भरतो. कन्नडात अशा ठिकाणी 'कट्टु' येतं, मुळात बांधणे. जे भरायचं असतं ते थकतंही, आणि थकलं की दंड येतो. 'दशमांश भरला' म्हणणाऱ्या म्हातारीच्या मनात यातलं काही नसतं, तिला फक्त नियम पाळल्याचं समाधान असतं. पण बायबलातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं 'तुम्ही देवाला लुटता' हे वाक्य उचलून कोणी वर्षभर त्यावरच बोलायला लागलं, तर 'भरणे' या क्रियापदाने जमीन आधीच तयार करून ठेवलेली असते. ऐकणाऱ्याला आपण थकबाकीदार आहोत असं वाटायला वेळ लागत नाही. मग पगाराच्या कुठल्या आकड्याचा दहावा भाग, कटिंगच्या आधीचा की हातात आलेल्याचा, अशा चर्चा निघतात. देवाशी असा हिशेब घालायची वेळ आली की तो दशमांशही राहत नाही, कर होतो.

मलाखीचं स्वतःचं क्रियापद 'आणणे' आहे. सगळा दशमांश कोठारात आणा. का, तर माझ्या घरात अन्न असावं म्हणून. हे 'अन्न' उपदेशात बहुधा गळतं आणि पुढचं आकाशाची दारं उघडण्याचं वचन तेवढं राहतं. कोठारात येणारं धान्य होतं, तेल होतं, जनावरं होती, आणि ती ज्यांच्यासाठी होती त्या लेव्यांना, म्हणजे देवळाची सेवा करणाऱ्या वंशाला, जमिनीचा वाटा नव्हता. बायबलातल्या 'गणना' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात हे स्पष्ट आहे: वतन नाही म्हणून दशमांश, आणि त्या दशमांशाचाही दहावा भाग लेव्यांनी पुढे याजकांना द्यायचा. म्हणजे देणाऱ्यालाही दहावा आणि घेणाऱ्यालाही दहावा. ज्याच्याकडे शेत, बंगला आणि दारात उभ्या गाड्या आहेत, त्याने लेव्याच्या हक्काने हात पुढे करावा हे त्या वचनात बसत नाही.

बायबलातल्याच 'अनुवाद' या पुस्तकाचा चौदावा अध्याय तर आणखी गमतीचा. तिथे दशमांश वर्षाच्या सणाला आपल्या घरच्यांबरोबर देवासमोर बसून स्वतःच खायचा आहे. ठिकाण लांब असेल तर माल विकून पैसे करावेत आणि तिथे पोचल्यावर हवं ते घ्यावं, बैल, मेंढरं, द्राक्षारससुद्धा. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, पोरका आणि विधवा यांच्यासाठी. दशमांशावर भाषणं पुष्कळ होतात, पण हा अध्याय त्यांत क्वचितच वाचला जातो. का, ते उघड आहे.

आता 'पेरणे'. हे क्रियापद आपल्या मंडळ्यांत अलीकडचं आहे आणि ते कुठून आलं हेही ठाऊक आहे. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांनी 'विश्वासाचं बी' ही शिकवण गाजवली: पैसे द्या, ते बी आहे, देव पीक देईल. पुढे दूरचित्रवाणीवरच्या उपदेशकांनी ती जगभर नेली. त्यांतले एक क्रेफ्लो डॉलर, आडनाव खरंच डॉलर आहे. २०१५ मध्ये त्यांच्या संस्थेने सुमारे साडेसहा कोटी डॉलरच्या विमानासाठी लोकांकडे देणग्या मागितल्या. २०१८ मध्ये जेसी डुप्लांटिस यांनी चौथ्या विमानासाठी मागणी करताना सांगितलं की येशू आज पृथ्वीवर असता तर गाढवावर बसून फिरला नसता. विमानाची गोष्ट आपल्याला परकी वाटेल, पण क्रियापद विमानाने नाही, मोबाईलवरून आलं, आणि भाषांतर होऊन आलं. 'बी पेरा', 'शंभरपट', 'कापणीची वेळ आली आहे' हे सगळं एकाच गठ्ठ्यात आलं.

मराठीत ते सहज रुजलं, कारण पेरणी हा आपला रोजचा शब्द. पण इथला शेतकरी आपल्या रानात पेरतो. दुसऱ्याच्या रानात बी टाक, पीक तुझ्या रानात उगवेल, असं कोणी सांगितलं तर तो हसेल. सभेत मात्र हसत नाही, डोळे मिटून पाकीट काढतो.

शास्त्राच्या दृष्टीनेही हे उलटं आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला आहे आणि येशू स्वतःच त्याची फोड करून सांगतो. बी म्हणजे वचन. पैसा त्या दाखल्यात आहे, पण बी म्हणून नाही. तो काटेरी झुडपांत आहे. संसाराची काळजी आणि द्रव्याचा मोह ही ती झुडपं, जी उगवलेलं वचन दाबून टाकतात. म्हणजे मूळ दाखल्यात जे काटे होते, त्यांनाच उपदेशकांनी बी म्हणून टोपलीत भरलं. भाषेच्या अंगाने पाहिलं तर एवढी मोठी उलथापालथ एका क्रियापदाने क्वचितच केली असेल.

कोणी म्हणेल, प्रेषित पौलाने तर देण्याला पेरणं म्हटलंय. म्हटलंय खरं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात, हात राखून पेरणारा तेवढंच कापेल. पण तो निधी कोणासाठी होता ते रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडला की कळतं: यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. पौलासाठी नाही, तो तंबू शिवून पोट भरायचा. शिवाय त्या पैशाबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने बरोबर दुसरी माणसं धाडली. आणि किती द्यायचं? ज्याने त्याने मनात ठरवावं तेवढं, कुरकुर न करता. दहावा हा आकडा तिथे नाही. रोमन कॅथलिक देवळांतही ऐपतीप्रमाणे मदत करावी असाच दंडक आहे, ठरीव दहावा नाही. म्हणून खानापूर-नंदगडकडच्या कोंकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत 'दशमांश' शब्द फारसा कानावर येणार नाही.

क्रेफ्लो डॉलर यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं की दशमांशाबद्दलची आपली जुनी शिकवण बरोबर नव्हती, आणि त्यावरची आपली पुस्तकं फेकून द्या. हे व्हिडिओ आपल्या सभांपर्यंत त्याच वेगाने पोचले असते तर बरं झालं असतं.

येशूने दशमांश या विषयावर जे म्हटलं तेही फारसं गोड नाही. मत्तय २३:२३ मध्ये तो यहुदी शास्त्र्यांना सुनावतो की पुदिना, शेपू आणि जिऱ्याचा दशमांश देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडून देता. शेपूची दहावी काडी मोजून बाजूला ठेवणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्यातला टोमणा कळेल. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची गोष्टही उपदेशात नेहमी येते. टोल्या हा शब्द आता बायबलबाहेर ऐकू येत नाही, दमडीहून लहान नाणं. पण मार्कमध्ये त्या गोष्टीच्या लगेच आधीचं वाक्य वाचा: विधवांची घरं गिळणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा. ही दोन वाक्यं शेजारी ठेवूनच वाचायला हवीत. एकटी वाचली की म्हातारीच्या दमडीवरसुद्धा नजर जाते.

या सगळ्यात 'आशीर्वाद' या शब्दाचंही काहीतरी झालंय. आशिस् आणि वाद, म्हणजे तो मुळात बोलणं आहे, उच्चारलेला शब्द. आता "देवानं आम्हाला गाडीचा आशीर्वाद दिला" असं ऐकू येतं, तिथे आशीर्वाद ही पार्किंग लागणारी वस्तू झाली. 'आशीर्वादित कुटुंब' म्हणजे बऱ्याचदा नुसतं बरं चाललेलं कुटुंब. मग ज्याचं बरं चाललेलं नाही त्याला काय म्हणायचं, याचं उत्तर ही भाषा देत नाही.

आपल्याकडची जुनी बोली याहून बरी होती असं माझं मत आहे. लंडन मिशनने बेळगावात १८२० मध्ये काम सुरू केलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती करणारे बाबा पदमनजी इथलेच, जन्म १८३१. म्हणजे मंडळी, पाळक, अर्पण, उपकारस्तुती हे शब्द सीमाभागाच्या मराठीत कालपरवाचे नाहीत. पैशाशिवाय उपदेश करणारा माणूसही मराठी ख्रिस्ती परंपरेने पाहिलाय: ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि देवाचा दरबार काढला. सगळ्या पाळकांनी पगार सोडावा असं यातून काढू नये. खेड्यातल्या पाळकालाही घर चालवायचं असतं, आणि पावसाळ्यात चिखल तुडवत आजाऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला मंडळीने पोसणं हे दशमांशाच्या मूळ हेतूला धरूनच आहे. बोट दाखवायचं ते बड्या गाडीवाल्याकडे.

जुन्या बायकांच्या तोंडी आणखी एक क्रियापद आहे, आणि माझी पसंती त्यालाच: 'काढणे'. "दशमांश काढलास काय?" देवाचा वाटा काढून ठेवणे, नैवेद्याचं ताट आधी काढणे, तसंच. मिझोराममध्ये बायका रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ देवळासाठी काढून ठेवतात, तीही हीच क्रिया. यात वसुली नाही आणि परताव्याची आशाही नाही. चुलीपाशी आधीच वेगळं ठेवलेलं असतं, एवढंच.

तर फलकासाठी: 'दशमांश' असंच लिहा, 'दशांश' नको. शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून 'दशमांश दिला', 'दशमांशाची पाकिटे', 'दशमांशाचा हिशेब'. अनेकवचन वेगळं होत नाही. आणि 'मां'वरचा अनुस्वार छापखान्यात राहून गेला तर 'दशमाश' होतं, तेवढं प्रूफ पाहून घ्या. खाली कन्नडात लिहायचं असेल तर शब्द तोच चालेल, सोबत 'कोडु', म्हणजे देणे, हे क्रियापद, 'कट्टु' नको. फलकावर जागा उरली तर महिन्याचा जमाखर्चही तिथेच लावता येईल, त्याला वेगळा शब्द शोधायची गरज नाही.