घरचा मॉनिटर बघतो, बदलत नाही

तुम्ही विचारलंय की आईंना मागच्या महिन्यात बडोद्यात पेसमेकर बसवला, आता कंपनीचा माणूस खाटेजवळ ठेवायचा मॉनिटर घ्या म्हणतोय. तो घेतला तर चेकिंगला जायचं सुटेल का? आणि आई मधूनमधून पुण्याला असतात, तिथे चेकिंग होईल का?

नाही सुटणार. कॅथ लॅबमध्ये (हृदयात नळी घालून तपासणी-उपचार करतात तिथे) टेक्निशियन म्हणून माझं आयुष्य गेलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाहेरून पेसमेकरचं सेटिंग बदलायचं ते प्रोग्रामरनंच. लॅपटॉपसारखं यंत्र असतं, त्याची वायरवाली चकती खांद्याखाली पेसमेकरवर ठेवतात. बॅटरी, लीड (पेसमेकरपासून हृदयात गेलेली तार), साठलेल्या नोंदी हे सगळं मिनिटभरात पडद्यावर येतं. खरं काम थ्रेशोल्डचं, म्हणजे ठोका पाडायला कमीत कमी किती व्होल्टेज लागतं ते शोधायचं. ईसीजीवर डोळा ठेवून व्होल्टेज पायरीपायरीनं उतरवतात: 2, 1.5, 1, 0.75. एका पायरीला पेसमेकरच्या इशाऱ्याची रेघ उमटते पण मागोमाग ठोका येत नाही. तिथेच टेस्ट थांबवायची, सेटिंग लगेच पूर्ववत होतं. आईंचा स्वतःचा ठोका फार मंद असेल तर त्या क्षणी डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाहीत.

नवी लीड हृदयात रुजेपर्यंत थ्रेशोल्ड वर चढतो, म्हणून सुरुवातीला व्होल्टेज मुद्दाम जास्त ठेवतात. साधारण तीन महिन्यांनी थ्रेशोल्ड मोजून व्होल्टेज खाली आणायचं असतं. काही पेसमेकर हे आपलं आपण करतात, सगळे नाही. ही तपासणी टाळली तर बॅटरी विनाकारण खर्च होते आणि पेसमेकर बदलायची वेळ लवकर येते. ‘आईंना बरं वाटतंय, मग कशाला’ असं म्हणून लोक नेमकी हीच चुकवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मॉनिटर मात्र जरूर घ्या. आई झोपल्या की तो पेसमेकरमधल्या नोंदी घेतो आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. लीडमध्ये बिघाड, बॅटरी संपत आल्याची खूण, आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके), जे पेशंटला कित्येकदा जाणवतही नाही पण पक्षाघाताचा धोका वाढवतं, हे पुढच्या तारखेची वाट न बघता कळतं. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहत असाल तर खाटेजवळ फोनला रेंज येते का तेवढं बघून घ्या.

पण तो सेटिंग बदलत नाही. 2017 साली अमेरिकेत अॅबट कंपनीच्या सुमारे 4,65,000 पेसमेकरना सायबर सुरक्षेसाठी नवं सॉफ्टवेअर द्यायचं होतं. तेही घरबसल्या झालं नाही. पेशंटना दवाखान्यात बोलावून प्रोग्रामरनंच करावं लागलं. मोजून तीन मिनिटांचं काम, पण तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला 67 ठोक्यांच्या ठरावीक बॅकअप गतीवर चालत होता. असं काम डॉक्टर शेजारी असतानाच झालेलं बरं.

आणि मॉनिटर म्हणजे 108 नव्हे. रात्री दोनला चक्कर आली तर त्याच्या भरवशावर थांबू नका, सरळ 108 लावा. पैसे भरण्याआधी दवाखान्यात विचारा: अलर्ट आला की तो कोण बघतं? रविवारी कोण बघतं? आम्हाला फोन कोण करणार? लीडचा अलर्ट आलेला आणि कुणी उघडलेलाच नाही, असं मी एका ठिकाणी पाहिलंय. नाव सांगता आलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता पुणे. एका कंपनीचा प्रोग्रामर दुसऱ्या कंपनीचा पेसमेकर वाचत नाही. म्हणून पेसमेकरचं कार्ड (कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं) आईंच्या पर्समध्ये आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर हवा. जाण्याआधी तिथल्या दवाखान्याला कंपनी आणि मॉडेल कळवा, म्हणजे कंपनीचा माणूस यंत्र घेऊन येईल. एमआरआय सांगितला तरी हेच, कारण आधी एमआरआय मोड (तेवढ्यापुरतं वेगळं सेटिंग) लावावा लागतो आणि नंतर आठवणीनं काढावा लागतो. अडीअडचणीला प्रोग्रामर नसेल तर पेसमेकरवर चुंबक ठेवून डॉक्टर बॅटरीचा अंदाज घेतात. उदाहरणार्थ, मेडट्रॉनिकचा पेसमेकर बॅटरी चांगली असताना चुंबकाखाली 85च्या गतीनं चालतो, बदलायची वेळ झाली की 65नं.

दर चेकिंगला प्रिंटआउट मागून घ्या आणि फाइलला लावा. मोड (पेसमेकर कोणत्या पद्धतीनं चालतोय ते), थ्रेशोल्ड, लीडचे ओहम (तारेचा विद्युत रोध) आणि बॅटरी त्यात असते; पुण्याचे डॉक्टर आधी तोच कागद मागतील.