सामायिक शीट घेण्याआधी ती कोणाच्या नावावर राहणार, हे ठरवा

साताऱ्याच्या एमआयडीसीत 18 माणसांचे मशीन शॉप आहे, स्टोअर, प्रॉडक्शन आणि अकाउंट्स यांच्या तीन वेगळ्या एक्सेल फाइली आहेत, तिन्हींचा मेळ कधी बसत नाही, तेव्हा कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे आपण विचारले आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्या गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये नेमकी हीच स्थिती होती, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी संगणक क्षेत्रातली नाही. प्लॅनिंग आणि हिशेब पाहते, एवढ्याच अधिकाराने हे सांगत आहे.

सामायिक शीटने, म्हणजे सगळ्यांनी मिळून भरायच्या एकाच ऑनलाइन शीटने, फायदा होतो का, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती नव्हती तेव्हा प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) पाठवलेल्या पिना आमच्या चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, 500 होत्या, तर प्रॉडक्शनच्या फाइलीत 480, कारण 20 पिना तपासणीत बाद झाल्या होत्या आणि ते स्टोअरला कोणी कळवलेच नव्हते. माल परत आला तेव्हा आम्ही दोन दिवस त्या प्लेटिंगवाल्याशी विनाकारण वाद घातला. एकच गूगल शीट सुरू केल्यावर सुपरवायझर बाद नग मशीनजवळूनच मोबाइलवर भरू लागला आणि चलन त्याच आकड्यावरून निघू लागले, त्यामुळे असे वाद थांबले. ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन मशीनवर जाणेही सामायिक फोल्डरमुळे बंद झाले.

आता ज्या चुकीची आम्ही सर्वांत मोठी किंमत मोजली, ती सांगते. ती शीट आमच्या प्लॅनिंग इंजिनिअरने स्वतःच्या जीमेल खात्यावर तयार केली होती. सगळ्यांना ती दिसत होती, सगळे तीत भरत होते, त्यामुळे मालकी कोणाची हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नाही. तो रीतसर राजीनामा देऊन, चांगल्या संबंधांत गेला. पुढे त्याच्या खात्याची 15 जीबीची मोफत जागा भरली, तेव्हा जुन्या कंपनीचे फोल्डर आता लागणार नाही असे समजून त्याने ते काढून टाकले आणि जागा मोकळी व्हावी म्हणून ट्रॅशही रिकामा केला. त्याच्या मनात काहीही वाईट नव्हते. सकाळी स्टोअरकीपरने मोबाइल पुढे केला, तेव्हा शीट उघडतच नव्हती. आमच्याकडे उतरवून ठेवलेली शेवटची प्रत चार महिन्यांपूर्वीची होती.

ज्यांच्याकडून आम्ही डोमेन आणि ईमेलची सेवा घेतली होती, त्यांच्या कार्यालयाने त्यानंतरचे नऊ दिवस आम्हाला एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरवले आणि शेवटी खाते आमचे नसल्याचे सांगून हात झटकले. खाते आमचे नव्हते हे खरेच आहे, पण हेच उत्तर पहिल्या दिवशी मिळाले असते, तर फाइल परत मिळवण्याची विनंती गूगलकडे त्या इंजिनिअरच्याच खात्यावरून लगेच करता आली असती. अशा विनंतीला मुदत फार थोडी असते. आम्ही ती केली तोवर उशीर झाला होता. पैसे घेणाऱ्या कार्यालयाने एवढेही नीट सांगू नये, याचा मला आजही मनस्ताप होतो.

जॉब वर्कला, म्हणजे प्लेटिंगसारख्या कामासाठी बाहेर, गेलेला कच्चा माल जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवल्या तारखेपासून तो पुरवठा मानून कर आणि व्याज लागते. त्यामुळे ती नोंद सोडून देता येण्यासारखी नव्हती. चलनबुके आणि प्लेटिंगवाल्यांच्या वह्या समोर ठेवून मी आणि स्टोअरकीपरने अकरा संध्याकाळी बसून चार महिन्यांच्या नोंदी पुन्हा उभ्या केल्या.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की शीट कोणत्याही कंपनीची घ्या, पण खाते फर्मच्या नावाचे असावे आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर मालकाचा असावा. आपण गूगल वर्कस्पेस (गूगलची संस्थांसाठीची सशुल्क सेवा) घेणार असाल, तर शेअर्ड ड्राइव्ह, म्हणजे फाइली ठेवण्याची सामायिक जागा, असलेलाच प्लॅन घ्या. तिथल्या फाइली व्यक्तीच्या नसून संस्थेच्या राहतात. शिवाय दर महिन्याला एक प्रत हार्ड डिस्कवर उतरवून, नावात तारीख घालून ठेवावी. हिशेबाची पुस्तके मात्र शीटमध्ये ठेवू नका. आपली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. आपल्याला नेमके काय लागू होते, ते आपल्या सीएंना विचारावे.

सध्या एखादी शीट चालू असेल, तर आजच शेअरचे बटण दाबून मालक म्हणून कोणाचे नाव दिसते ते पाहा. नाव कर्मचाऱ्याचे असेल, तर तो कामावर असतानाच हे मार्गी लावा. वैयक्तिक जीमेलवरून वर्कस्पेस खात्याकडे मालकी थेट सोपवता येत नाही, आणि नवी प्रत काढली, तर त्या प्रतीत जुन्या बदलांचा इतिहास येत नाही. तेव्हा मूळ फाइलही काही महिने तशीच ठेवायला त्याला सांगा.