प्रश्नोत्तरे : गायकाविना संगीत आणि त्याचे रिमिक्स

प्रश्न : साउंड ट्राइब सेक्टर ९ या अमेरिकी बँडचे संगीत मी अलीकडे ऐकू लागलो आहे. या बँडमध्ये गायक नाही आणि त्याचे वादन रॉक म्हणावे, जॅझ म्हणावे की इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, हे मला ठरवता येत नाही. त्यांच्या एका अल्बममधील रचना अनेक बाहेरच्या कलाकारांकडे सोपवून रिमिक्सचा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचे भाग बदलून नव्याने मांडलेल्या रूपांचा, स्वतंत्र अल्बम काढण्यात आला, असे कळले. मूळ अल्बम उपलब्ध असताना अशा संग्रहाचे प्रयोजन काय? जुनाच माल पुन्हा विकण्याचा हा प्रकार तर नव्हे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण रिमिक्सच्या नावाखाली पुष्कळ उरलेसुरले विकले गेले आहे. परंतु आपण ज्या अल्बमविषयी विचारता, त्याची गोष्ट निराळी आहे.

हा बँड १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉर्जिया राज्यात सुरू झाला आणि पुढे कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे स्थिरावला. गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स आणि तालवाद्ये अशी त्याची मांडणी आहे. अमेरिकेतील जॅम बँडच्या परंपरेत रचना दर रात्री नव्याने लांबवून, वळवून वाजवली जाते. ही सवय त्याने उचलली आणि तिला हिप-हॉप, फंक आणि ड्रम अँड बेस (वेगवान ठेक्याचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) यांच्या ठेक्यांची जोड दिली. पुढे मंचावर लॅपटॉप आले, तरी ड्रम्स वाजवणारा माणूस आपल्या जागेवर राहिला. म्हणूनच आपल्याला त्याचा प्रकार ठरवता येत नाही, आणि तो ठरवण्याचा आग्रह मी धरणार नाही. नाचणाऱ्या श्रोत्याला ठेक्याचे सातत्य हवे असते, तर जॅझच्या वळणाने वाजवणाऱ्याला ते सातत्य मोडण्याची मुभा हवी असते. या दोन गरजांमधील ताण हेच या संगीताचे खरे स्वरूप आहे.

या बँडने २००५ मधील ‘आर्टिफॅक्ट’ या अल्बमच्या रचनाही रिमिक्ससाठी इतरांकडे दिल्या होत्या. आपला रोख बहुधा २००८ मधील ‘पीसब्लास्टर’ या अल्बमकडे असावा. त्याच्या रिमिक्सचा संग्रह ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या न्यू ऑर्लिन्स शहरासाठी काढण्यात आला आणि त्याचे उत्पन्न तेथील लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत घरे बांधणाऱ्या ‘मेक इट राइट’ या संस्थेकरिता ठेवण्यात आले. त्या घरांच्या बांधकामातील दोषांवरून रहिवाशांनी २०१८ मध्ये न्यायालयात दाद मागितली, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि त्यावरून या संगीताची किंमत ठरवणे योग्य होणार नाही, जसे केवळ सत्कार्यासाठी काढला म्हणून अल्बम चांगला मानणेही योग्य होणार नाही.

आता प्रयोजनाकडे येऊ. रिमिक्सची मुळे शोधत गेल्यास आपण जमैकातील किंग्स्टन शहरात पोहोचतो. तेथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस गाण्यातून गायकाचा आवाज काढून उरलेला वाद्यसंगीताचा भाग नाचणाऱ्या समुदायासमोर वाजवला जाऊ लागला, आणि लवकरच किंग टबी यांच्यासारख्या ध्वनितंत्रज्ञांनी मिक्सिंगचा फलकच (प्रत्येक वाद्याचा आवाज कमी-जास्त करण्याचे यंत्र) वाद्यासारखा वापरण्यास प्रारंभ केला : बेस आणि ड्रम्स उघडे ठेवावेत, गिटारचा एखादा तुकडा क्षणभर येऊ द्यावा आणि प्रतिध्वनीत विरून जाऊ द्यावा. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यास टॉम मोल्टन आणि वॉल्टर गिबन्स यांनी डिस्कोची गाणी नाचासाठी लांबवली. मात्र पुढे लोकप्रिय संगीतात जो रिमिक्स रुळला, त्यात बहुतेक वेळा उलट घडले : गायकाचा आवाज तेवढा जपला गेला आणि त्याखालचे सर्व काही बदलले गेले. आवाज तोच असल्यामुळे गाणे ओळखू येते, त्यामुळे रिमिक्स करणाऱ्याला गाण्याची ओळख टिकवण्याची चिंता राहत नाही.

वाद्यसंगीताच्या बँडकडे हा आधार नसतो. रचना कशामुळे ओळखू येते, याचा निर्णय रिमिक्स करणाऱ्याला स्वतः घ्यावा लागतो आणि दोन कलाकारांचे निर्णय क्वचितच जुळतात. एकाला बेसची चार मात्रांची ओळ हीच रचना वाटते. तो तिच्याभोवतीचे सर्व पुसून टाकतो आणि तिला मंद, जड ठेक्यावर ठेवतो. दुसऱ्याला कीबोर्डच्या स्वरसंगतींचा क्रम महत्त्वाचा वाटतो आणि बेस तो नव्याने लिहितो. तिसरा गिटारच्या एका दीर्घ स्वराचा पोत घेतो, तो ताणून पार्श्वभूमी बनवतो, आणि मूळ सुरावट तर कोठेच वाजवत नाही. तिन्ही रिमिक्स ऐकून झाल्यावर मूळ रचनेकडे परत गेलो की, एरवी एकसंध वाटणाऱ्या त्या वादनात बेस, स्वरसंगती आणि पोत हे तीन निरनिराळे आधार कसे गुंफलेले होते, ते कानाला कळू लागते. अनेकांच्या सहभागातून झालेल्या अल्बमचे मोल मला येथे दिसते. एकाच कलाकाराने सगळे रिमिक्स केले तर संग्रह एकजीव होतो, जसा मॅड प्रोफेसर या ध्वनितंत्रज्ञांनी १९९५ मध्ये मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश संगीतसमूहाच्या अल्बमचा केला. पण मग मूळ संगीताचे एकच वाचन आपल्यासमोर राहते.

अर्थात अशा संग्रहांत भरतीचा मालही पुष्कळ असतो. ज्या रिमिक्समध्ये मूळ रचनेचा एखादा सेकंद केवळ सहीपुरता ठेवून कलाकाराने आपला नेहमीचा ठेका पुढे रेटला आहे, तो निःसंकोच वगळावा. ऐकताना संपूर्ण अल्बम सलग ऐकण्याऐवजी एक मूळ रचना आणि तिचे सर्व रिमिक्स असा क्रम ठेवावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

प्रश्न : आमचा चौघांचा बँड आहे आणि आम्हीही गायकाविना वाजवतो. परिचयातील काही इलेक्ट्रॉनिक संगीतकारांना आमच्या रचना रिमिक्ससाठी द्याव्यात, असा विचार आहे. रेकॉर्डिंग त्यांच्याकडे कोणत्या स्वरूपात सोपवावे?

उत्तर : अंतिम मिक्स पाठवून भागणार नाही, त्यांना स्टेम लागतील, म्हणजे वाद्यगटांनुसार वेगळ्या केलेल्या ध्वनिफायली. किक ड्रम, स्नेअर, उर्वरित ड्रम्स, तालवाद्ये, बेस, स्वरसंगती, मुख्य सुरावट आणि गिटार अशी आठ-दहा स्टेम बहुधा पुरेशी ठरतात. प्रत्येक मायक्रोफोनची वेगळी फाइल पाठवल्यास समोरच्याचा उत्साह ती लावण्यातच संपतो. फायली २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात असाव्यात आणि सर्व एकाच क्षणापासून सुरू व्हाव्यात. गिटार तिसऱ्या मिनिटाला येत असली तरी तिच्या आधीची शांतता फायलीत राहू द्यावी, म्हणजे सर्व फायली शून्यावर ठेवताच जुळतात. प्रतिध्वनी ज्या स्टेमच्या स्वभावाचाच भाग आहे, त्याच्या प्रतिध्वनीसह आणि त्याविना अशा दोन प्रती द्याव्यात. मास्टरिंगसाठी, म्हणजे प्रकाशनापूर्वीच्या अखेरच्या संस्कारासाठी, लावलेली कॉम्प्रेशनची (आवाजातील चढउतार कमी करण्याची) प्रक्रिया काढून टाकावी.

यापेक्षा अवघड प्रश्न लयीचा आहे आणि तुमच्यासारख्या बँडनी त्याचा विचार रेकॉर्डिंगच्या आधीच केला पाहिजे. माणूस ड्रम्स वाजवतो तेव्हा मिनिटाला १२४ ठोक्यांवर सुरू झालेली रचना रंगात आल्यावर १२७ वर पोहोचू शकते. श्रोत्याला ते सुखद वाटते, पण संगणकातील आखीव चौकटीवर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे, बसवणाऱ्याला प्रत्येक आवर्तन हाताने सरळ करावे लागते. कानात क्लिक, म्हणजे हेडफोनमधून येणारे ठरावीक वेगाचे ठोके, घेऊन वाजवल्यास हा त्रास टळतो, परंतु वादन ताठर होण्याचा धोका उरतो. म्हणून ज्या भागातून लूप घेतले जाण्याची शक्यता आहे तेवढाच क्लिकवर वाजवावा आणि दीर्घ, मुक्त वादनाला मोकळे सोडावे, असे माझे मत आहे. त्या मुक्त भागाच्या टेम्पोचा नकाशा, म्हणजे वेग कोठे किती बदलतो याची नोंद, तयार करून सोबत पाठवता येतो. शिवाय रचनेचा वेग आणि तिचा आधारस्वर फायलीच्या नावातच लिहावा. मूळ वेग ८७ असेल तर ड्रम अँड बेस करणारा तीच सामग्री १७४ वर, न ताणता, दुप्पट ठेक्यावर वापरू शकतो. ९२ वरून १४० वर न्यायचे झाल्यास मात्र ध्वनी आक्रसून त्याचा पोत बिघडतो, आणि मग तो तुकडे करून नव्याने मांडण्याखेरीज गत्यंतर नसते.

सर्वजण एकाच खोलीत वाजवत असाल तर झांजांचा आवाज गिटारच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. ड्रम्स बदलू पाहणाऱ्याच्या रिमिक्समध्ये मग जुना ठेका मागून ऐकू येत राहतो. बेस आणि कीबोर्ड थेट वायरने रेकॉर्ड करावेत आणि गिटारचा अँप्लिफायर दुसऱ्या खोलीत ठेवावा.

प्रश्न : सर्वजण मित्र आहेत. तरीही लेखी करार आवश्यक आहे काय?

उत्तर : होय. रचनेवरील हक्क आणि तिच्या ध्वनिमुद्रणावरील हक्क हे दोन स्वतंत्र हक्क असतात आणि रिमिक्स दोहोंना स्पर्श करतो. नव्या ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, रिमिक्स करणाऱ्याला एकरकमी मोबदला मिळेल की उत्पन्नात वाटा, त्याने नवी सुरावट रचली असल्यास रचनाकार म्हणून त्याचे नाव लागेल काय, आणि त्याने बाहेरून घेतलेल्या सॅम्पलची, म्हणजे इतरांच्या ध्वनिमुद्रणातील तुकड्यांची, जबाबदारी कोणाची, एवढे मुद्दे एका पानावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. उत्पन्न एखाद्या संस्थेला द्यायचे असेल तर विक्री की निव्वळ नफा, यांपैकी काय दिले जाणार हेही स्पष्ट करावे.

प्रश्न : आमच्या रचनेचा रिमिक्स मूळ रचनेपेक्षा चांगला झाला, तर तो आम्ही मंचावर वाजवू शकतो काय?

उत्तर : अवश्य वाजवावा, आणि लॅपटॉपवरून नव्हे तर स्वतःच्या हातांनी. रिमिक्स करणाऱ्याने तुकडे जोडून तयार केलेली बेसची ओळ पुष्कळदा बोटांना अनोळखी वळणे घेते. ती बसवताना तुमच्या बेसवादकाला स्वतःच्याच रचनेत नवी जागा सापडेल. पण त्या कलाकाराने लिहिलेला नवा भाग वाजवणार असाल तर त्याची परवानगी आधी घ्यावी आणि कार्यक्रमात त्याचे नाव सांगावे.